रँक तुमची, हप्ते इतरांचे

ऑनलाइन गेममध्ये पैसे घेऊन दुसऱ्याची रँक चढवून द्यायची, याला बूस्टिंग म्हणतात. ते विकणाऱ्या साइट्स पाहिल्या तर त्यांचं ऑर्डरचं पान बहुतेक एकाच साच्यातलं असतं. एका बाजूला आपली आत्ताची रँक निवडायची, दुसऱ्या बाजूला हवी असलेली. मधला किमतीचा आकडा आपोआप हलत राहतो. सिल्व्हरमधून गोल्डमध्ये जाणं स्वस्त, डायमंडच्या पुढे मात्र एकेका पायरीला तो झपाट्याने चढतो. खाली टिक करायच्या चौकटी: बूस्टरने ऑफलाइन दिसावं का, तुमच्या नेहमीच्याच कॅरेक्टरने खेळावं का, काम लवकर हवंय का, तो खेळत असताना लाइव्ह बघायचंय का. मग युझरनेम, पासवर्ड, पैसे. काही दिवसांत कुणी अनोळखी माणूस तुमच्या नावाने खेळून तुमच्या नावाशेजारचं चिन्ह बदलून देतो. पासवर्ड द्यायला मन धजत नसेल तर ‘ड्युओ’ची सोय आहेच. तुम्ही तुमच्याच अकाउंटवरून खेळायचं, तो दुसऱ्या अकाउंटवरून सोबत येणार आणि मॅच ओढून नेणार.

यात कुणाचं काय बिघडलं, असा प्रश्न हमखास विचारला जातो आणि तो फालतू नाही. पैसे बूस्टिंग विकत घेणाऱ्याचे, अकाउंट त्याचं, विकणाऱ्यालाही चार पैसे सुटतात. कंपनीच्या अटींमध्ये अकाउंट दुसऱ्याच्या हाती द्यायला मनाई असते हे खरं, पण त्या अटी न वाचताच ‘मान्य आहे’वर बोट ठेवणाऱ्या जगात केवळ तेवढ्यावरून कुणाला अपराधी ठरवणं मलाही पटत नाही. बूस्टिंगला माझा विरोध नियमाच्या कलमावरून नाही, हिशोबावरून आहे. या व्यवहारात घेणारा जे पैसे देतो ते फक्त डाउन पेमेंट असतं. उरलेले हप्ते पुढे कित्येक दिवस भलतीच माणसं फेडतात, आणि आपण काही फेडतोय याचा त्यांना पत्ताही नसतो.

हा हिशोब मांडायला बुद्धिबळापासून सुरुवात करावी लागते, कारण आजच्या बहुतेक रँक्ड गेमच्या पोटात बुद्धिबळातूनच आलेली कल्पना आहे. अमेरिकेत स्थायिक झालेले हंगेरियन वंशाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्पाद एलो यांनी खेळाडूंची ताकद मोजण्याची पद्धत बसवली. अमेरिकेच्या बुद्धिबळ महासंघाने ती १९६० मध्ये स्वीकारली, जागतिक महासंघाने म्हणजे फिडेने १९७० मध्ये. पद्धतीचं मर्म सोपं आहे. दोन खेळाडूंच्या गुणांतल्या (म्हणजे रेटिंगमधल्या) फरकावरून कोण किती वेळा जिंकेल याचा अंदाज बांधायचा, आणि निकाल अंदाजापेक्षा वेगळा लागत गेला की गुण सरकवायचे. २०० गुणांनी वर असलेल्या खेळाडूने शंभर डावांत साधारण ७६ गुण मिळवावेत (विजयाचा एक, बरोबरीचा अर्धा), ४०० गुणांनी वर असलेल्याने ९१. म्हणजे रेटिंग हे पदक नाही. पुढचा डाव कसा होईल याबद्दलचं ते एक भाकीत आहे, आणि त्या भाकितावर विसंबून यंत्रणा तुमच्यासमोर माणूस बसवते.

आता समजा बुद्धिबळातच कुणी लबाडीने स्वतःचं रेटिंग लायकीपेक्षा ६०० गुणांनी फुगवून घेतलं. एलोच्या सूत्राप्रमाणे नव्या पातळीच्या प्रतिस्पर्ध्यासमोर त्याला शंभर डावांत असे जेमतेम तीन गुण मिळतील. एका डावाला २५ गुणांची हार-जीत धरली तर चौदा-पंधरा डावांत निम्मी सूज उतरते. पटावर तो एकटा असतो, लपायला जागा नसते. ज्याचं खोटं, त्याचंच नाक कापलं जातं.

पाच विरुद्ध पाच अशा गेममध्ये हाच माणूस आणून बसवा. लीग ऑफ लेजेंड्स, डोटा २, व्हॅलोरंट, कोणताही घ्या. कंपन्या आपली नेमकी सूत्रं उघड करत नाहीत, म्हणून साधं गृहीतक धरू की टीमची ताकद म्हणजे पाच जणांची सरासरी. एकाचे ६०० गुण खोटे असले तर टीमची सरासरी १२० ने खाली येते. जिंकण्याची शक्यता पन्नासावरून साधारण ३३ टक्क्यांवर घसरते, तीनवर नाही. तो तीनातली एक मॅच जिंकतच राहतो. दर मॅचला सरासरी आठेक गुण जातात, आणि जसजसा तो आपल्या खऱ्या पातळीकडे येतो तसतशी घसरण आणखी मंदावते. ६०० ची सूज ३०० वर यायला पन्नासेक मॅच लागतात. शंभर मॅच झाल्या तरी दीडशे शिल्लक असते.

पन्नास मॅच म्हणजे प्रत्येकी चार साथीदार धरून दोनशे जागा. मॅच अर्ध्या तासाची धरली तर इतरांचे शंभर तास. त्या पन्नासात साधारण १९ विजय आणि ३१ पराभव येतात, म्हणजे त्या जागी खऱ्या पातळीचा खेळाडू असता तर सहा मॅच तरी इकडच्या तिकडे झाल्या नसत्या. ऐकायला सहा हा आकडा काही मोठा नाही, हे मीही कबूल करतो. पण उरलेल्या मॅचही काही सुखाच्या गेलेल्या नसतात. एक लेन, म्हणजे मैदानातली एक वाट, पहिल्या आठ मिनिटांत कोसळलेली, मदतीला धावून जाता जाता दुसऱ्याचा गेम मोडलेला, चॅटवर शिव्यांचा पाऊस, कुणीतरी विसाव्या मिनिटाला सरेंडरचं, म्हणजे हार मानून मॅच सोडण्याचं, मत टाकलेलं. जिंकलेल्या १९ मॅचमध्येसुद्धा ओढायचं काम चौघांनीच केलेलं असतं.

बुद्धिबळात चौदा-पंधरा आणि इथे पन्नास, हा जो फरक आहे तोच बूस्टिंगचा खरा माल आहे. विकली जाते ती रँक चढण्याची क्रिया. पण घेणाऱ्याच्या पदरात पडतो तो हळूहळू खाली येण्याचा अवधी. आणि घसरण हळू होते, कारण चार अनोळखी माणसं दर मॅचला त्याचं ओझं वाहतात. बुद्धिबळाचं रेटिंग असं भाड्याने चढवून दोन आठवडे मिरवायची सोय असती, तर कदाचित तिथेही अशी दुकानं थाटली गेली असती. तिथे तो दोन संध्याकाळींत उघडा पडेल, म्हणून तिथे धंद्यात दम नाही. (बुद्धिबळातली लबाडी वेगळ्या वाटांनी येते, तो निराळा विषय.)

आधुनिक यंत्रणा यात नकळत भर घालतात. मार्क ग्लिकमन यांनी १९९५ मध्ये ग्लिको पद्धत मांडली. तिच्यात खेळाडूच्या गुणांबरोबरच त्या गुणांवर किती भरवसा ठेवावा याचाही आकडा असतो. मायक्रोसॉफ्ट रिसर्चने एक्सबॉक्ससाठी बनवलेली ट्रूस्किल पद्धतही अशीच अनिश्चितता मोजते. कल्पना चांगली आहे: नवख्या अकाउंटचे गुण भराभर हलवायचे, शेकडो मॅच खेळलेल्याचे सावकाश. पण बूस्टरने वरच्या पातळीवर ढीगभर मॅच खेळून अकाउंट सोडलं की यंत्रणेचा भरवसा पक्का झालेला असतो. मालक परत येऊन सपाटून हरायला लागला तरी यंत्रणा बराच वेळ त्याला वाईट दिवस समजून सोडून देते.

हे झालं उतरतानाचं. चढताना काय होतं ते चटकन सांगून टाकतो, कारण त्यात वादाला फारशी जागा नाही. बूस्टर प्रत्येक विजयाचे गुण समोरच्या पाच जणांकडून घेतो. त्या पाचांना सांगितलेलं असतं की समोर तुमच्या तोडीचा माणूस आहे, आणि ते खोटं असतं. रँक मिळाल्यावर मालक रँक्ड खेळलाच नाही, चिन्ह नुसतं मिरवत बसला, तरी हा भाग टळत नाही.

आता एक आक्षेप, जो बूस्टिंग घेणाऱ्यांकडून सर्वांत जास्त ऐकू येतो: मी लायकीने वरचाच आहे, पण टीममेट असे मिळतात की वर जाऊच देत नाहीत. गेमर मंडळी याला ‘एलो हेल’ म्हणतात. तक्रार मनापासूनची असते, म्हणून तिला उत्तर द्यायला हवं. माझ्या टीममध्ये नशिबावर सोडलेल्या जागा चार, कारण पाचवा मी आहे. समोरच्या टीममध्ये अशा जागा पाच. ट्रोल करणारा, मध्येच नेट जाणारा, दारू पिऊन बसलेला, असा कुणी एक त्या नऊ जणांत असेल तर तो माझ्याकडे येण्यापेक्षा समोर जाण्याची शक्यता जास्त. पाच-दहा मॅचमध्ये नशीब धिंगाणा घालतं, शे-दोनशे मॅचमध्ये ते धुऊन निघतं आणि सगळ्या मॅचमध्ये समान असणारा माणूस एकच उरतो. आरशासारखी नकोशी गोष्ट आहे ही, त्यामुळे तिच्याऐवजी पैसे मोजणं सोपं जातं हेही समजतं.

दुसरा आक्षेप वेळेचा, आणि तिथे माझं मत एकसुरी नाही. नोकरी, मुलं, घर सांभाळून रात्री तासभर खेळणाऱ्या माणसाला एखाद्या गेमने दोनशे तास तीच ती राक्षसं मारायला लावली, तर ते काम त्याने दुसऱ्याकडून करून घेतलं याला मी फसवणूक म्हणणार नाही. तिथे कुणाशी तुलना होत नाही, नुसती पाटी टाकायची असते. गंमत अशी की हे कंपन्यांनाही केव्हाच कळलंय. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये तो बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीने २०१४ साली स्वतःच कॅरेक्टर थेट ९० व्या लेव्हलला नेऊन द्यायची सोय ६० डॉलरला विकायला काढली. त्याच ब्लिझार्डने जानेवारी २०२२ मध्ये त्याच गेममधल्या संघटित बूस्टिंग टोळ्यांवर बंदी घातली. यात दांभिकपणा दिसतो आणि थोडा आहेही. स्वतःच्या गेमचा मोठा भाग पैसे देऊन टाळण्यासारखा आहे हे मान्य करायचं, तो भाग तसाच ठेवायचा आणि टाळण्याचं तिकीट आपणच फाडायचं. तरी लेव्हल आणि रँक यांत फरक राहतो. लेव्हल सांगते की किती वेळ घातला. रँक सांगते की या माणसासमोर कुणाला उभं करावं. पहिली खोटी असली तर फार तर बढाई खोटी ठरते. दुसरी खोटी असली तर दुसऱ्यांची मॅच नासते.

दोन्हींच्या मधली एक जागा आहे, आणि तिथलं सर्वांत गाजलेलं उदाहरण इलॉन मस्क यांचं. पाथ ऑफ एक्झाइल २ हा गेम डिसेंबर २०२४ मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण होण्याआधीच खेळायला, आला आणि थोड्याच आठवड्यांत त्याच्या हार्डकोर (एकदा मेलं की बाद) क्रमवारीत मस्क यांचं कॅरेक्टर बरंच वर दिसू लागलं. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी स्वतः खेळून दाखवलं, तेव्हा जाणकारांना प्रश्न पडला की इतक्या वरच्या खेळाडूला इतक्या साध्या गोष्टी कशा कळत नाहीत. पुढे एका स्ट्रीमरशी झालेल्या आणि जाहीर झालेल्या संवादात त्यांनी आपल्या अकाउंटवरून इतरही खेळले असल्याचं मान्य केलं. या गेममध्ये त्यांच्यामुळे कुठल्या टीमची मॅच बुडाली नाही. पण क्रमवारी होती, आणि क्रमवारीत एक जागा घेतली की खालचे सगळे एकेक पायरी उतरतात. जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसाला विकत घ्यावीशी वाटावी अशी ती जागा होती, यावरून तिचं मोल कळतं. आणि ते मोल ज्यांनी रात्री जागून निर्माण केलं, ते त्याच यादीत त्यांच्या खाली होते.

बूस्टरबद्दल मात्र तिरस्काराने बोलायला माझी जीभ रेटत नाही. अशा गेममध्ये वरच्या एक टक्क्यात असणं म्हणजे अक्षरशः हजारो तासांचं कसब, आणि त्या कसबाला बाजारात किंमत जवळजवळ शून्य. प्रोफेशनल टीममधल्या जागा मोजक्या, स्ट्रीमिंगवर पोट भरणारे त्याहून मोजके. मग उरतं काय, तर कुठल्या तरी साइटसाठी कमिशन कापून घेऊन दुसऱ्याच्या नावाने जिंकणं. यातले काहीजण पुढे खरोखर वर जातात आणि मागचं प्रकरण पाठीशी लागतं. ओव्हरवॉच या गेमच्या व्यावसायिक स्पर्धेच्या, ओव्हरवॉच लीगच्या, पहिल्याच, २०१८ च्या हंगामात फिलाडेल्फिया फ्यूजन या टीमच्या सॅडो या खेळाडूवर जुन्या बूस्टिंगपायी ३० सामन्यांची बंदी आली. हेच कसब कोचिंग म्हणून विकता येतं. मॅचचं रेकॉर्डिंग घेऊन बसायचं, इथे तू मॅप बघितला नाहीस, इथे उगाच पुढे गेलास, असं दाखवून द्यायचं. पैसे तेवढेच मोजले जातील, आणि शिकून जो वर जाईल त्याची रँक खरी असेल. तरीही लोक कोचिंगपेक्षा बूस्टिंग घेतात, कारण कोचिंगनंतर खेळावं स्वतःलाच लागतं.

दक्षिण कोरियाने हा प्रश्न थेट फौजदारी कायद्यात नेला. डिसेंबर २०१८ मध्ये तिथल्या संसदेने गेम उद्योगाच्या कायद्यात दुरुस्ती केली आणि जून २०१९ पासून बूस्टिंगचा धंदा करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी वॉनपर्यंत दंड होऊ शकतो. ई-स्पोर्ट्स हा जिथे गंभीर व्यवसाय आहे, तिथे क्रमवारी सडली तर नवे खेळाडू शोधायचं ठिकाणच सडतं, हे तिथल्या संसदेला पटलं. समाजात ते किती खोल गेलंय हे २०२० च्या निवडणुकीत दिसलं. एका तरुण महिला उमेदवाराने कॉलेजात असताना आपलं लीग ऑफ लेजेंड्सचं अकाउंट दुसऱ्यांना खेळायला दिलं होतं, एवढ्यावरून प्रचारात रान उठलं. तिने माफी मागितली, पुढे निवडूनही आली.

मला हा कायदा अर्धा पटतो. धंदा करणाऱ्याला गाठायचं, हौसेने मित्राचं अकाउंट खेळणाऱ्याला सोडायचं, इथवर त्याची नजर शाबूत आहे. पण गेममधल्या गुणांसाठी विशीतल्या मुलावर तुरुंगाची टांगती तलवार मला अति वाटते. त्यात कायदा देशाच्या सीमेपाशी थांबतो आणि सर्व्हर थांबत नाही. शिवाय ज्याच्या हौसेवर हा धंदा उभा आहे तो घेणारा या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहतो. सर्वांत खटकतं ते वेगळंच: कंपनीने स्वतःच्या घरात जी साफसफाई करायची, तिच्यासाठी पोलिसांना बोलावलं जातं.

कारण मागणी कंपन्यांनीच तयार केली आहे. दर सीझनला रँक खाली ओढायची, म्हणजे गडी पुन्हा चढायला लागतो. लोडिंग स्क्रीनवर चकाकती चौकट लावायची. लीग ऑफ लेजेंड्समध्ये २०११ च्या पहिल्या सीझनपासून वर्षानुवर्षं ‘व्हिक्टोरियस’ स्किन (कॅरेक्टरचा खास पोशाख) गोल्ड आणि त्याच्या वरच्यांनाच मिळायचा. सीझन संपत आलाय आणि सिल्व्हरमध्ये अडकलोय, अशा माणसाच्या मनात बूस्टिंगचा विचार कुणी पेरला? हा गेम बनवणाऱ्या रायट कंपनीने पुढे खालच्या रँकच्या खेळाडूंनाही जास्त खेळून तो स्किन कमावायची वाट करून दिली, आणि हा बदल शंभर इशाऱ्यांपेक्षा कामाचा आहे असं माझं मत आहे. चिन्ह मिरवायला वेगळं ठेवा, मॅच जुळवायचा आकडा वेगळा ठेवा. विकत घेण्यासारखं जे आहे ते आकड्यापासून तोडलं की आकडा विकत घेण्यात फारसा अर्थ उरत नाही.

पकडता येत नाही, ही सबब तर आता कंपन्यांनी देऊच नये. डोटा २ बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये त्या गेममधली ९०,००० स्मर्फ अकाउंट, म्हणजे कसलेल्या खेळाडूंनी कमकुवत खेळाडूंशी खेळायला काढलेली दुसरी अकाउंट, बंद केली आणि त्यामागची मुख्य अकाउंट कोणती हेही आपण शोधल्याचं सांगितलं. म्हणजे कोण कुठल्या नावाआड बसलंय हे कळू शकतं. अचानक नवं मशीन, नवं ठिकाण, एरवी पन्नास टक्के जिंकणारा सलग तीस मॅचमध्ये पंचवीस जिंकतो, माउसची ढब बदलते, मग पुन्हा सगळं पहिल्यासारखं. बूस्टिंगची ही खूण स्मर्फिंगपेक्षा ठळक असते, कारण तिला सुरुवात आणि शेवट दोन्ही असतात.

मग करायचं काय? बॅन हा उपाय दिसायला कडक आहे, पण त्यात दोन अडचणी. चुकून एखादा निर्दोष सापडला तर त्याची वर्षांची कमाई जाते, म्हणून कंपन्या खात्री पटेपर्यंत हात आखडता घेतात आणि बहुतेक जण सुटतात. आणि बॅन झालेला माणूस नवं अकाउंट काढून पुन्हा रांगेत येतो. मला याहून साधा मार्ग दिसतो, आणि तो वरच्या हिशोबातूनच निघतो. नुकसान होतं ते घसरण सावकाश होते म्हणून. तर ती जलद करा. अकाउंट दुसऱ्या हातात गेल्यासारखं वाटलं की शिक्षा, नोटीस काही नको. यंत्रणेचा त्या आकड्यावरचा भरवसा तेवढा काढून घ्यायचा आणि नव्या अकाउंटसारखी अनिश्चितता पुन्हा मोठी करायची. मग हरणारा पन्नास मॅच रेंगाळणार नाही, दहा-बारा मॅचमध्ये आपल्या जागी येईल. ऑर्डरच्या पानावर जी किंमत दिसते तिच्या बदल्यात मिळणारी मुदत महिन्यावरून दोन संध्याकाळींवर आली, तर ती किंमत कोण देणार?

यावर कंपन्यांचा आक्षेप ठरलेला असेल: प्रवासात दुसऱ्याच्या लॅपटॉपवरून खेळलेला, नाहीतर सुट्टीत खरोखरच सूर सापडलेला प्रामाणिक खेळाडूही यात सापडेल. सापडू दे. त्याचा आकडा दोन-चार मॅच जरा जास्त हेलकावे खाईल आणि त्याच वेगाने परत वर येईल. चिन्ह आणि बक्षीस आकड्यापासून आधीच वेगळं केलेलं असलं तर तेवढ्यात त्याचं काही हिरावलंही जाणार नाही.